कासवटोपीचे नऊ दिवस

प्रश्न ईश्वरीनं विचारला होता, आणि उत्तर देताना डॉ. संयुक्ता ठोंबरे हसली होती. पुढं संयुक्ताला उत्तरापेक्षा त्या हसण्याचाच जास्त त्रास झाला.

तो २०३८ सालचा जून. कोरवडे गावातल्या कन्याशाळेच्या लांबड्या पत्र्याच्या शेडमध्ये सव्वाशे मुली मांडी घालून बसल्या होत्या, आणि संयुक्ता पुण्याहून त्यांच्यासाठी एक पिवळी टोपी घेऊन आली होती. दिसायला माकडटोपीची चुलत बहीण. गोधडीसारखे कप्पे शिवलेली, मऊ, घडी करून दप्तरात टाकावी अशी. पहिल्या रांगेत सातवीतली एक मुलगी तोंड वाकडं करून त्या टोपीकडं बघत होती. संयुक्तानं नेमकं तिलाच उठवलं.

"नाव काय तुझं?"

"ईश्वरी बोडरे."

"विश्वास नाही ना बसत? चल माझ्याबरोबर."

दोघी शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढल्या. संयुक्तानं टोपीत एक अंडं गुंडाळलं, पट्टा आवळला आणि टोपी ईश्वरीच्या हातात दिली. खाली अख्खी शाळा माना वर करून उभी. ईश्वरीनं टोपी सोडली. ती फरशीवर आदळली तेव्हा मऊ कापड पडल्याचा नाही, लाकडी पाट आपटल्याचा आवाज झाला. मुख्याध्यापिका गोळे बाईंनी स्वतः वाकून पट्टा सोडला. अंडं जसंच्या तसं होतं. मुलींनी असा काही कल्ला केला की शेजारच्या डेअरीतली माणसं बाहेर आली.

या टोपीची गरज होती, यात शंका नाही. कारखान्याचे ऊस वाहणारे ट्रॅक्टर दोन वर्षांपूर्वी बॅटरीवर आले होते. धूर गेला, तसा आवाजही गेला. पूर्वी मागून ट्रॅक्टर येतोय हे अर्ध्या मैलावरून कळायचं. आता दोन ट्रॉल्या जोडलेलं ते धूड पाठीशी येईपर्यंत पत्ता लागत नसे. गेल्या हंगामात तालुक्यातली सात मुलं डोक्याला मार लागून दवाखान्यात गेली होती. हेल्मेटं वाटून झाली होती, पण ती सायकलच्या हँडलला लटकायची. कारण साधं होतं. कन्याशाळेचा नियम म्हणजे दोन घट्ट वेण्या, दुमडून कानामागं लाल रिबिनीनं वर बांधलेल्या. त्यावर कडक हेल्मेट बसणार कसं? मुली पोलीस चौकी आली की डोक्यावर ठेवायच्या आणि चौकी गेली की काढायच्या.

संयुक्तानं हे सगळं ध्यानात ठेवून टोपीला दोन्ही बाजूंना दोन खिडक्या ठेवल्या होत्या, वेण्या बाहेर काढायला. त्या खिडक्यांचा तिला केवढा अभिमान! साताऱ्यात ती स्वतः दहावीपर्यंत अशाच वेण्या घालून शाळेत गेली होती. परदेशात शिकून आलेल्या कुणाला हे सुचलं नसतं, असं ती मुलाखतींतून सांगायची.

खाली आल्यावर ईश्वरीनं विचारलं, "मॅडम, तेल लावलेलं चालतं का? आमच्या बाई तेल न लावता आलं की वर्गाबाहेर उभं करत्यात."

सगळी शाळा फिसकन हसली. गोळे बाईसुद्धा हसल्या.

"चालतं की!" संयुक्ता म्हणाली. "आत डोकं आहे ना, मग झालं."

पुन्हा हशा. त्याच दिवशी सव्वाशे मुलींनी टोप्या घेतल्या. ईश्वरीनं पहिली घेतली आणि तिला 'कासव' असं नाव दिलं. ते नाव इतकं चिकटलं की कंपनीनं पुढं पेटीवरही तेच छापलं.

टोपीच्या पोटात काय होतं, ते एकदा सांगून टाकायला हवं. मक्याचं पीठ थोड्या पाण्यात दाट कालवावं आणि त्यात बोट हळूच घालावं, ते सहज आत जातं. त्यावरच बुक्की मारावी, तर ते दगड होतं. पिठाचे कण हळू हलवले तर एकमेकांना वाट देतात; अचानक दाबले की एकमेकांवर घासून जागच्या जागी अडकतात, आणि तो अडकलेला थर मार झेलतो. संयुक्तानं पिठाऐवजी पिठाहूनही बारीक असे काचेचे कण घेतले, पाण्याऐवजी न वाळणारा द्रव घेतला आणि हे मिश्रण पातळ रबरी पापुद्र्याच्या कप्प्यांत भरलं. एरवी मऊ, आणि डोकं रस्त्यावर आदळायच्या क्षणी कडक. सेकंदाच्या हजाराव्या भागात.

यातली सगळी मदार त्या घासण्यावर आहे. कण एकमेकांना घासले नाहीत, नुसते घसरले, तर टोपी म्हणजे पाण्याची पिशवी.

त्या टोपीच्या चाचण्या झाल्या होत्या, अगदी कसून. ऊन, पाऊस, थंडी, धूळ. बाटलीतून विकत मिळणारा कृत्रिम घामसुद्धा महिनाभर ओतला होता. चाचण्यांची यादी बाहेरच्या देशातून आली होती आणि त्या यादीत तेल नव्हतं. तिथं कोण सकाळी उठून डोक्यावर खोबरेल थापतंय? प्रयोगशाळेतलं धातूचं डोकं तर चक्क टकलं होतं. यादीच्या खाली संयुक्ताची सही होती.

अकरा जानेवारीला, मंगळवारी दुपारी, तिला कळलं.

सहा महिन्यांच्या तपासणीसाठी वेगवेगळ्या शाळांतून वापरलेल्या चाळीस टोप्या परत मागवल्या होत्या. मुलांच्या वीसही टोप्या ठणठणीत निघाल्या. मुलींच्या वीसपैकी अकरा टोप्या यंत्राच्या घणाखाली कडक झाल्याच नाहीत. घण थेट धातूच्या डोक्यापर्यंत गेला. संयुक्ताला आधी यंत्रच बिघडलंय असं वाटलं. मग तिनं एक टोपी उचलून आतलं अस्तर नाकाशी धरलं.

जुनाट, किंचित खवट खोबरेल. रविवारी सकाळी आईच्या दोन गुडघ्यांमध्ये अडकून बसल्यावर यायचा, तो वास. विसाव्या वर्षी तिनं केस मानेपर्यंत कापले होते, तेव्हापासून तो तिच्या आयुष्यातून गेला होता. यंत्र दुसऱ्यांदा लावायची गरजच उरली नाही. रोजचं तेल थेंबाथेंबानं पापुद्र्यातून आत झिरपलं होतं, कणांभोवती बसलं होतं, आणि कण घासायच्या ऐवजी घसरत होते.

त्याच क्षणी तिला पाण्याची टाकी आठवली. तोंड वाकडं केलेली मुलगी आठवली. चालतं की!

पराग चिटणीस, कंपनीचे प्रमुख, काही राक्षस नव्हते. त्यांनी आकडे नीट ऐकून घेतले आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"संयुक्ता, आज आपण हे जाहीर केलं तर उद्या काय होईल?"

"मुली टोप्या वापरायच्या थांबतील."

"फक्त मुली? पन्नास हजार पोरं टोप्या भिरकावून देतील. पुन्हा दहा वर्षं कुणी डोक्यावर हेल्मेट चढवणार नाही. या हंगामात तुझ्या त्या तालुक्यात एक तरी डोकं फुटलंय का?"

"नाही."

"मग? नवं अस्तर तीन आठवड्यांत तयार होतंय. नवा रंग आला असं सांगू, जुन्या घेऊ, नव्या देऊ. कुणाला घाबरवायचं नाही, काही नाही. तीन आठवडे थांब."

संयुक्ता थांबली. तिला ते पटलं, असं ती स्वतःला सांगत राहिली. खरं तर पटलं नव्हतं, सोयीचं वाटलं होतं, आणि या दोहोंतला फरक न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. घरी ती नवऱ्यावर विनाकारण खेकसायची. सकाळी सोसायटीच्या फाटकातून सायकलवर पिवळी टोपी बाहेर पडली की खिडकीतून बाजूला व्हायची. तीनदा गोळे बाईंचा नंबर काढला, तीनदा फोन खाली ठेवला. एकदा तर लागलासुद्धा. गोळे बाई म्हणाल्या, "बोला मॅडम!" आणि तिनं मकरसंक्रांतीच्या शुभेच्छा दिल्या. तिळगूळ घ्या, गोड बोला. फोन ठेवल्यावर ती ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन रडली, आणि तोंड धुऊन परत कामाला बसली. असे सोळा दिवस.

सत्तावीस तारखेला तिच्या टेबलावर अपघाताच्या नोंदीचा फॉर्म आला, सोबत एका पिशवीत टोपी. गाव कोरवडे. तारीख वीस जानेवारी. ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या मोळीचा धक्का. मुलीचं नाव तिनं दोनदा वाचलं, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर ते बदलणार होतं.

कारणाच्या रकान्यात कुणीतरी आधीच टाइप केलं होतं : 'बकल नीट लावलेलं नसावं.' खाली तिच्या सहीची जागा.

तिनं टोपी पिशवीतून काढली. बकल लावलेलंच होतं. पट्टा शिवणीतून उसवला होता, पण बकल बंद होतं, घट्ट. तिनं ते तसंच ओढून बघितलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती एकटी गाडी घेऊन निघाली. चिटणीसांना कळवलं नाही. वाटेत तिनं काय बोलायचं याची वाक्यं जुळवली, पुन्हा पुन्हा म्हणून बघितली.

बोडऱ्यांचं घर वस्तीवर होतं, चहूकडं ऊस. ईश्वरीची आई सारिका ओट्यावरच होती. संयुक्ताला बघून ती लगबगीनं उठली आणि तिनं तिचे दोन्ही हात धरले.

"या मॅडम, या. टोपी व्हती म्हणून वाचली बघा माझी पोरगी. समदी तेच म्हणत्यात. तुमचं उपकार कसं फेडायचं, सांगा."

संयुक्ताला ते हात सोडवूनही घेता येईनात.

आत खाटेवर ईश्वरी उशीला टेकून बसली होती. ऑपरेशनसाठी डोक्याची डावी बाजू भादरली होती. टाक्यांची रेघ कानाच्या वर गेली होती. उजव्या बाजूला मात्र एक वेणी, चोपून तेल लावलेली, दुमडून रिबिनीनं वर बांधलेली. पोरगी आजारी आहे म्हणून आईनं तिला विस्कटलेली ठेवली नव्हती. डावा हात मांडीवर निपचित पडला होता.

"मॅडम," ईश्वरी म्हणाली. एकेक शब्द ती अंधारात चाचपडून हाताला लागावा तसा काढत होती. "मी... बकल... लावलं... व्हतं का?"

सारिकानं कपाळावर हात मारला. "कंपनीच्या मानसानं फोन करून इचारलं, तवापासून हेच धरून बसलीया. हिला त्या दिवसाचं कायबी आठवत न्हाई. मला इचारती, बापाला इचारती, आल्यागेल्याला इचारती."

"लावलं... नसंल... तर... सॉरी," ईश्वरी म्हणाली. "तुम्ही... सांगितलं... व्हतं."

जुळवून आणलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. संयुक्ता खाटेच्या कडेला खाली, जमिनीवरच बसली.

"लावलं होतंस," ती म्हणाली. "मी टोपी बघितली आहे. बकल बंद होतं, ईश्वरी. तुझं काहीसुद्धा चुकलं नाही. टोपी चुकली."

ईश्वरीनं डोळे मिटले. "बरं," एवढंच म्हणाली, आणि इतके दिवस आवळून धरलेले तिचे खांदे खाली आले.

सारिका मात्र तिथंच उभी होती. "टोपी चुकली म्हंजी?"

मग संयुक्तानं सांगितलं. कण, घासणं, घसरणं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. तेल हा शब्द आला मात्र, सारिकानं आधी मुलीच्या वेणीकडं पाहिलं, मग स्वतःच्या तळव्यांकडं.

"म्हंजी मी रोज सकाळी..."

"नाही!" संयुक्ता जवळजवळ ओरडलीच. "तेलाचा दोष नाही, तुमचा तर मुळीच नाही. तुमच्या मुलीनं मला विचारलं होतं, सगळ्या शाळेसमोर. तेल चालतं का म्हणून. मी न तपासता हो म्हणाले. वर हसले. बारा वर्षांच्या पोरीला सुचलं ते मला सुचायला हवं होतं."

तिनं पर्समधून फॉर्म काढला. कारणाच्या रकान्यातली ओळ खोडली आणि वर लिहिलं : 'बकल लावलेलं होतं. अस्तर तेलामुळं निकामी झालेलं होतं. ही चाचणी माझ्याकडून राहिली.' खाली सही केली आणि कागद सारिकाच्या हातात दिला. सांगायला लाज वाटते, पण सही करून झाल्यावर तिला हलकं वाटलं. पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदाच तिनं पूर्ण श्वास घेतला. न कळून झालेली चूक कबूल केली होती. अशा चुकीला माणसं कधी ना कधी माफ करतात.

सारिकानं कागद सावकाश वाचला. ती दहावी शिकलेली होती. तिनं सगळं वाचलं, तारखेसकट.

"हे तुमाला कवा कळलं?"

हा प्रश्न संयुक्तानं वाटेत जुळवला नव्हता. म्हणजे तो येईल हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच जुळवला नव्हता.

"टोपी परत आल्यावर, म्हणजे..." ती म्हणाली, आणि थांबली. खाटेवरच्या मुलीचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. "अकरा तारखेला."

सारिकानं भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बघितलं. ओठ हलले. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरत गेला. नऊ पेरांवर थांबला.

ती ओरडली नाही. संयुक्ताला वाटत होतं, ओरडावं, कानफटात मारावी, काहीही करावं.

"आन् शाळंतल्या बाकीच्या पोरींना सांगितलं?"

"नाही अजून."

"आज अठ्ठावीस."

"हो."

"किती वाजलं आता?"

"साडेचार."

"पाचला सुटती शाळा," सारिका म्हणाली. तिनं शेजारच्या खोलीतून जावेला हाक मारून ईश्वरीपाशी बसवलं, पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या. "चला."

 गाडीत फॉर्मची घडी तिनं मुठीत धरली होती.

त्या शाळेच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा घंटा होऊन गेली होती. मुली सायकली काढत होत्या. संयुक्ताला आधी आठवीतल्या एकीनं पाहिलं. "ए, कासववाल्या मॅडम आल्या!" आणि ज्यांच्या टोप्या हँडलला लटकत होत्या त्यांनीही घाईघाईनं त्या डोक्यावर चढवल्या. भराभर वेण्या खिडक्यांतून बाहेर आल्या, बकलं लागली. सगळ्या हसत तिच्याकडं बघत होत्या, शाबासकीची वाट बघत.

"सांगा," सारिका म्हणाली.

गोळे बाई धावत आल्या. "अहो मॅडम, कळवायचं तरी! आत चला, चहा घेऊ. इथं रस्त्यात कशाला?"

"इथंच बोलते, बाई." संयुक्ता फाटकाच्या मधोमध उभी राहिली. "मुलींनो, डोक्यावरची टोपी काढा. ती बिघडली आहे. तेलानं बिघडते. पडलात तर ती तुम्हाला वाचवेलच असं नाही. तेल चालतं असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं."

आधी कुणी टोपी काढेना. मॅडम गंमत करतायत असंच त्यांना वाटलं. मग एकीनं काढली, मग चौघींनी.

"हेल्मेट सोडायचं नाही," ती म्हणाली.  "जुनं कडक हेल्मेट घरी असेल, तेच घाला. वेण्या खाली सोडा, म्हणजे ते नीट बसेल. बाई, नियम बदला, मी हात जोडते. आणि ते मिळेपर्यंत सायकलवर बसू नका."

गोळे बाई टोपीच्या अस्तरावर बोट फिरवत होत्या. बोट तेलकट झालं. "वेण्या सोडून या उद्यापासून," त्या कुणाकडंही न बघता म्हणाल्या.

मागच्या घोळक्यातून एक बारकी मुलगी पुढं आली. पाचवीतली असेल. "मग आमच्या ईश्वरीताईला का न्हाई सांगितलं?"

संयुक्तानं सारिकाकडं पाहिलं. सारिका तिच्या मदतीला येणार नव्हती.

"मला माहीत होतं," संयुक्ता म्हणाली. "तिला सांगायला नऊ दिवस होते. मी सांगितलं नाही."

मुलगी तिच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. मोठं माणूस असं करतं हे तिला नवीन होतं, एवढंच. मग तिनं आपली टोपी काढून संयुक्ताच्या हातात दिली. दुसरीनंही दिली. थोड्या वेळानं हातात मावेनात, तेव्हा मुली त्या तिच्या पायाशी ठेवू लागल्या.

रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, एकामागं एक, काही आवाज न करता. मोळ्या ट्रॉल्यांच्या बाहेर आल्या होत्या. पर्समध्ये तिचा फोन थरथरत होता; चिटणीसच असणार. तिनं तो काढला नाही.

सारिकानं मुलींना रांगेत उभं केलं. "सायकली हातात धरा. आज समद्या चालत. वस्ती आली की एकेक घरला जायचं. म्होरं मी हाय."

रांग हलली. संयुक्ता तिच्या मागोमाग निघाली, रस्ता सोडून आत, उसाच्या कडेनं. सारिका थांबली. तिनं मागं वळून पाहिलं.

"तिथनं न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "तुमी ट्रॉल्यांच्या अंगानं चाला."

संयुक्ता रांग ओलांडून डांबरावर आली, आणि मुली व ट्रॉल्या यांच्या मधून चालू लागली.